कंडियूरला थांबणारी गाडी

माझ्या रघुपतीमामाचा जगात कुणावरही विश्वास नाही. तमिळ मुलखातल्या आमच्या गावात, राजवाड्यामागच्या मराठी गल्ल्यांत हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते धरूनच चालतात. दूधवाली त्याच्या दारात माप उलटं करून, ठोकून दाखवते आणि मगच दूध घालते. इस्त्रीवाला कपडे परत देताना प्रत्येक शर्टाची गुंडी दाखवतो. मामा हयातभर वजनमापं खात्यात निरीक्षक होता. तांदळाच्या दुकानात शिरून तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवायचं, लोहचुंबक चिकटवलंय का पाहायचं, पेट्रोलपंपावर मापाचा डबा लावून तेल खरंच तेवढं पडतं का बघायचं, ही त्याची नोकरी. निवृत्ती मिळाली ती खात्यातून. संशय अजून कामावर आहे.

मी अखिला, त्याच्या बहिणीची मुलगी. समोरच्याच घरात राहते, बँकेत नोकरी करते. बँकेनेच मला काही वर्षं पुण्याला पाठवलं होतं, तिथे मी देवनागरी वाचायला-लिहायला शिकले. नाहीतर आमच्याकडे मराठी घरात बोलायची आणि वाचायचं ते तमिळ किंवा इंग्रजी. मामाशी माझं रोज भांडण होतं आणि रोज रात्रीचं जेवणही त्याच्याकडे मीच नेऊन देते. त्या डब्याचं झाकण उघडून तो आधी वास घेतो. माझ्या हातचं असलं तरी घेतो.

घरातलं काहीही दुरुस्तीला द्यायचं झालं की मामा त्यावर कुठेतरी खिळ्याने बारीक खूण करतो. मिक्सरच्या भांड्याच्या बुडाला, कुकरच्या शिट्टीला, घड्याळाच्या पाठीला. वस्तू परत आली की भिंग घेऊन ती खूण शोधतो. राजममामी त्याला हसायची. एकदा तिने दवाखान्यातून आल्यावर त्याला विचारलं होतं, मला पाठवलंत तेव्हा खूण कुठे केली होतीत. त्यावर तोही हसला होता. मामीवर मात्र त्याने कधी संशय घेतला नाही. सगळ्या जन्मात तेवढी एकच सूट त्याने दिली.

गाडी मामीची. जुनी काळी मॉरिस, तिच्या वडिलांच्या घरून आलेली. मामी लहान असताना तिचे वडील याच गाडीतून तिला तिरुवैयारुला गाणं शिकायला नेत. लग्नानंतरही ती आणि मामा महिन्यातून एकदा तरी त्या रस्त्याने जात. ती मागच्या सीटवर बसायची, पुढे नाही. लहानपणापासून तिची जागा तीच. कावेरीच्या घाटावर थोडा वेळ बसायचं, काहीतरी गुणगुणायचं आणि परत यायचं. आजारपणात तिने मामाला एकच सांगितलं, माझं वर्षश्राद्ध तिरुवैयारुला घाटावर करा आणि गाडी आपलीच न्या. टॅक्सी करू नका.

ती आजारी पडली ती दसऱ्याच्या आठवड्यात. खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा होते. मामी विळीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला गंध लावायची आणि गाडीला तर पहिला मान. बॉनेटवर, चाकांवर, स्टिअरिंगवर, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, सगळीकडे चंदन, त्यावर कुंकू. मामाला चिकटपणा खपत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन गाडी धुऊन टाकायचा आणि मामी चिडायची. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन इस्पितळात होता. पौषात मामी गेली. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली तशीच राहिली.

पुढची खंडेनवमी सुतकाच्या वर्षात आली, पूजा झालीच नाही. दसरा उलटल्यावर मात्र मामाला वर्षश्राद्धाची काळजी लागली. ताडपत्री काढली तर गाडी हूं म्हणेना. मग एकोजीला बोलावणं गेलं.

एकोजी मामाचा शाळेपासूनचा सोबती. तोही आपल्यातलाच. सरकारी बसच्या डेपोत फिटर होता, आता वडवार नदीच्या काठी एक पत्र्याची शेड टाकून जुन्या गाड्या दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी कापी, म्हणजे कॉफी, प्यायला मामाकडे येतो, हा नेम मामी असल्यापासूनचा. मामी त्याची कापी वेगळ्या डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, काढायची, साखर जास्त. मामाने त्याला कधी संशयातून वगळलं असं नाही, पण सोबती म्हणून जरा कमी छळलं. गाडी त्याच्या शेडमध्ये जाताना मामाने नेहमीप्रमाणे टाकीत बांबूची कांडी बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहिलं. त्या कांडीवर त्याने स्वतः रेघा कोरलेल्या आहेत. गाडी कुणाच्याही हाती देण्याआधी आणि परत घेतल्यावर ती कांडी टाकीत जाते. जुन्या पंपावरही त्याने खिळ्याची खूण करून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

एकोजीने मन लावून काम केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टाकी उतरवून आतला गंज धुतला. मागून पुढे येणारी तांब्याची नळी जागोजागी पिचली होती, ती काढून नवी नळी बसवली, इंजिनाजवळची रबरी नळी बदलली, प्रत्येक जोडावर नवी क्लिप लावली. पंप उघडला तर आतला पडदा फाटलेला आणि सांगाडाच झिजलेला. कोइंबतूरहून नवा पंप मागवला. हा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की टिकटिक करत पेट्रोल ओढतो आणि पुढची नळी भरली की आपोआप गप्प होतो. एकोजीने आम्हाला ती टिकटिक ऐकवली. मामा कान देऊन ऐकत होता, पण त्याची नजर गाडीवर नव्हती. एकोजीने वर्तमानपत्रात गुंडाळून जुना पंप परत दिला होता, तो त्याने मांडीवर घेतला होता आणि त्याचं बूड बोटाने चाचपत होता.

घरी आल्यावर भिंग निघालं. खूण नव्हती. मामाने मला हाक मारली, पंप पुढे केला आणि म्हणाला की हा आपला पंप नव्हे. मी एकोजीला फोन केला. तो म्हणाला, अगं, दुरुस्त होतो का बघावं म्हणून मी तो आधी पॉलिशपेपरने घासला होता. मी ते मामाला सांगितलं. मामा म्हणाला, घासण्याची आठवण विचारल्यावर कशी झाली. जुन्या गाड्यांच्या अस्सल भागांना मद्रासचे हौशी लोक काय वाटेल ते मोजतात, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याच्या डोक्यात पंप विकला गेला होता आणि आमच्या हाती भलत्याच्या भंगारातला आला होता.

मी त्याला वेड्यात काढलं. पण मग गाडी थांबायला लागली.

पहिल्यांदा आम्ही तिरुवैयारुच्या रस्त्याने नुसती चाचणी म्हणून निघालो. करंदै गेलं, वेण्णारचा पूल गेला, गाडी मामीच्या वेळेसारखी चालत होती. कंडियूरच्या अलीकडे तिने दोनचार आचके दिले आणि भाताच्या खाचराकडेला उभी राहिली. किल्ली फिरवली तर पंप एकदा टिक् म्हणाला, मग बऱ्याच वेळाने पुन्हा टिक्, मग गप्प. मी बॉनेट उघडायला निघाले तर मामाने हात धरला. कशालाही हात लावायचा नाही, ज्याने केलंय तो येईपर्यंत सगळं आहे तसं राहू दे, असं त्याने बजावलं. दुकानावर धाड घातली की तो असंच करायचा, म्हणे.

एकोजी मोपेडवर आला. गाडीभोवती फिरला, टाकी उघडून आत बॅटरी मारून पाहिलं, पुढे जाऊन नळ्या चाचपल्या, पंपावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. टिकटिक टिकटिक झाली आणि गाडी सुरू झाली. तो म्हणाला, पंपातला वीज जोडणारा काटा अडकत असेल. शेडमध्ये नेऊन त्याने पंपाची पुढची नळी बाटलीत सोडून पाहिली. पेट्रोल धो धो येत होतं, एकही बुडबुडा नाही. तरी त्याने पंप उघडला, काटे घासले, सगळे जोड पुन्हा आवळले. दुसऱ्या वेळी गाडी पुन्हा कंडियूरलाच थांबली. पुन्हा एकोजी आला, टाकीत डोकावला, पंपावर ठोकलं आणि गाडी सुरू झाली.

आता खरं सांगते, माझ्याही मनात किडा वळवळायला लागला. नवा पंप, नवी नळी, आणि आमच्या हातात गाडी बंद. तोच माणूस येतो, कसलाही भाग न बदलता दोन मिनिटं खुडबुड करतो आणि गाडी चालते. हे कसं? त्याची शेड अलीकडे रिकामी असायची, हेही मला त्याच वेळी आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं. संध्याकाळी तो कापी पीत असताना मी त्याच्या हातांकडे बघत बसले. मामा तर त्याच्या तोंडाकडे बघत होता. बिचारा एकोजी आपला पंपाबद्दलच बोलत होता, काय असेल ते त्याला कळत नव्हतं आणि ते तो कबूलही करत होता. मामाच्या मते ते न कळण्याचं नाटक फार सफाईदार होतं.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं. गुरुजींना सांगून झालं होतं, मामीची बहीण चंद्रमती सेलमहून यायची होती. तिसऱ्यांदा आम्ही निघालो आणि गाडी तिसऱ्यांदा कंडियूरला थांबली, या वेळी ऐन चहाच्या टपरीसमोर. एकोजी आला. लोक जमले होते. जुनी गाडी म्हटलं की लोक जमतातच. त्याने टाकीचं झाकण काढून आत पाहिलं, पंपावर ठोकलं, गाडी सुरू झाली. तो हात पुसत वळला तेवढ्यात मामा त्या सगळ्यांसमोर बोलला.

“मी बसलों कीं चालत नाहीं, तूं आलास कीं चालते. हें कुलूप तूंच घातलास, एकोजी. किल्ली तुझ्याच हातीं आहे. आणि माझा जुना पंप कुणाला विकलास तेंही सांग.”

मराठी तिथे कुणाला कळत नव्हतं. पण पंप हा शब्द कळला आणि मामाचा आवाज कळला. टपरीवाल्याने तमिळमध्ये विचारलं, काय सार, फसवलं का? मामाने मान हलवली. होकारार्थी हलवली, हे मी पाहिलं आणि मला त्या क्षणी मामाचा अतिशय राग आला.

एकोजीने हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं. “सरि, बरं. दुसऱ्या कुणास दाखीव,” एवढंच म्हणाला आणि मोपेडला लाथ मारून निघून गेला.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा वेळ झाली की दारातल्या खुर्चीवर येऊन बसायचा, गल्लीच्या तोंडाकडे एकदा पाहायचा आणि मग मला सांगायचा की बघ, चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून येत नाही. मी म्हटलं, येत नाही कारण तू त्याला रस्त्यावर चोर ठरवलंस. दोन डबऱ्यांतला एक पालथा तसाच राहिला. मामाला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं, पण तो ते मान्य करणारा माणूस नव्हे. त्याने दुसऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने टाकी उघडली, पंप तपासला आणि सांगितलं की काम चोख आहे, हात लावण्यासारखं काही नाही. मामाला लगेच संशय आला की हा एकोजीचा माणूस आहे.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मामाने शेवटची चाचणी करायची ठरवली. मी सुट्टी घेतली. करंदै, वेण्णार, आणि कंडियूरची नारळीची झाडं दिसायला लागली तशी गाडी आचके देऊ लागली. थांबली. मी टॅक्सीला फोन करायला मोबाईल काढला. मामा म्हणाला थांब. आज त्याला शोधून काढायचं होतं. एकोजी जे जे करतो ते ते त्याच क्रमाने करून बघतो, म्हणाला, कुठल्या तरी एका गोष्टीत त्याची लबाडी असणार.

तो गाडीभोवती फिरला. मग मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. ते झाकण तो कसं धरतो ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तळवा न लावता, फक्त कडेने, चार बोटांनी. झाकण सुटलं आणि टाकीने मोठा श्वास आत ओढल्यासारखा आवाज केला. मलाही ऐकू आला.

मामा तिथेच थबकला. झाकण परत लावलं, परत काढलं. या वेळी आवाज नाही. मग मला किल्ली फिरवायला सांगितली. पंपावर ठोकलं नाही, नळीला हात लावला नाही, काहीच केलं नाही. टिकटिक टिकटिक झाली, नळी भरली, पंप गप्प झाला आणि गाडी सुरू झाली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, हवेला दुसरं भोक लागतं, हे मामाला कुणी शिकवायला नको होतं. त्याने आयुष्यभर मापाचे डबे तपासले होते. त्या झाकणाच्या मधोमध हवा आत यायला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. त्याने झाकण उन्हाकडे धरलं. उजेड आला नाही. भोक बुजलं होतं. हवा मिळत नाही, म्हणून काही मैलांनी पेट्रोल येत नाही, आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. एकोजी दर वेळी आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघायचा, ती त्याची जुनी डेपोतली सवय. झाकण उघडलं की हवा आत जायची आणि गाडी चालायची. त्यालाही का ते कळत नव्हतं.

“सापडलं,” मामा म्हणाला. त्याचा चेहरा धाडीच्या दिवशीसारखा झाला होता. त्याने गाडी फिरवली ती थेट वडवारच्या काठी. वाटेत मी सांगत होते की आधी माफी माग, मग काय ते बोल. तो ऐकत नव्हता. टाकी धुतली आणि झाकण धुतलं नाही, हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजीपणाही गुन्हाच, असं त्याचं चाललं होतं.

एकोजी शेडमध्ये एकटा स्टुलावर बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. मामाने झाकण त्याच्यासमोरच्या बाकावर ठेवलं.

“सगळी गाडी धुतलास. टाकी उतरवून धुतलास. हें एक झाकणच कां सोडलास?”

एकोजीने झाकणाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मधोमध चंदनाचा वाळून दगड झालेला ठिपका होता, त्यावर कुंकू काळपट पडलं होतं. तो ठिपका एकोजी दर वेळी पाहत आला होता, आणि मामाही.

“राजमवैनींचं बोट आहे तें,” तो म्हणाला. “बाकी सगळं धुवून गेलं. हें एक राहिलं होतं. मी कसा पुसूं?”

मामाने हात बाकावर टेकले, मग शेजारच्या जुन्या टायरवर बसला. मला आता कळलं, मामा झाकण कडेने का धरतो. इतके दिवस दोघेही तो ठिपका सांभाळत होते. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्यातल्या एकाने दुसऱ्याला त्याच ठिपक्यापायी चोर ठरवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

एकोजी बाकाशी वाकून भोक कुठे आहे ते बघत होता. आता त्यालाही सगळं समजलं होतं. “माझीच चूक,” तो पुटपुटला, “भोक आहे हें मज सुचायला पाहिजे होतं.” मामाने मान हलवली, या वेळी नकारार्थी.

“तूंच काढ,” मामा म्हणाला. “मज होईना.”

एकोजी उठला. आधी नळावर जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मग माझ्याकडे केसातली पिन मागितली. फक्त भोकापुरतं, अगदी मधलं तेवढं, तो टोकरत राहिला. पिवळी पूड बाकावर पडली ती त्याने कागदाच्या कपट्यावर गोळा केली आणि पुडी करून मामाच्या हातात दिली. झाकण उन्हाकडे धरलं तेव्हा मधून बारीक उजेड आला. भोवतीचं कुंकू होतं तिथेच राहिलं.

मामाने पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाला की गाडी आज इथेच राहू दे. सकाळी तूच घेऊन ये, आणि चालवायचीही तूच. मी मागे बसणार, तिच्या जागेवर.

आम्ही पायी निघालो. शेडच्या दाराशी आल्यावर माझ्या लक्षात आलं, गाडी सोडून जातोय आणि कांडी मागच्या सीटवर तशीच आहे. मामाची जन्माची सवय, म्हणून मीच परत गेले, कांडी आणली आणि मामासमोर धरली. त्याने कांडीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

“राहूं दे,” म्हणाला. मग मागे वळून एकोजीला म्हणाला, “संध्याकाळीं कापीला ये. साखर जास्त घालूं सांगतों.”